वाचक विचारतात : सामाजिक शास्त्रांतलं एमए कुठून करावं?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं बीएच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची आहेत. जवळजवळ सगळ्यांच्या मनात प्रवेश म्हणजे जून-जुलै असंच आहे. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांपुरतं ते बरोबर आहे. केंद्रीय विद्यापीठांचं दार मात्र त्याच्या पाच-सहा महिने आधी, तुम्ही सहाव्या सत्राच्या तयारीत असताना बंद होतं. मराठवाड्यातली हुशार मुलं तिथं कमी दिसण्यामागे गुणांपेक्षा ही तारीखच जास्त आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. म्हणून या अंकात एरवीपेक्षा जास्त जागा या प्रश्नांना दिली आहे.

प्रश्न : मी अंबाजोगाईत बीए तृतीय वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. आतापर्यंत ६१ टक्के आहेत. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, पुणे, हैदराबाद आणि दिल्लीचं जेएनयू (जवाहरलाल नेहरू विद्यापीठ) यांपैकी कुठं अर्ज करावा? अटींत काय फरक आहे?

उत्तर : ६१ टक्क्यांवर या पाचही ठिकाणी अर्ज करायला तुम्हाला सहसा अडचण नाही. एमएच्या प्रवेशाला पदवीचे गुण बहुतेक ठिकाणी ५० टक्क्यांच्या आसपास मागतात आणि राखीव प्रवर्गांना त्यात सवलत असते. गाळणी लागते ती पुढे, आणि ती प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे.

तुमचं कॉलेज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे गेले. म्हणजे अंबाजोगाईहून लातूर हाकेच्या अंतरावर असलं तरी तिथं एमए केलं तर तुम्ही विद्यापीठ बदलता. मग मायग्रेशन सर्टिफिकेट, पात्रता अर्ज आणि त्याचं शुल्क हे सगळं मागे लागतं. यात अवघड काही नाही, फक्त वेळेत करावं लागतं. नांदेडला विद्यापीठ परिसरात विभागांऐवजी संकुलं आहेत, त्यामुळे राज्यशास्त्र शोधताना सामाजिक शास्त्रे संकुलाच्या पानावर जा. दोन्ही विद्यापीठांत परिसरातला विभाग आणि संलग्न महाविद्यालयातलं एमए यांची प्रवेशप्रक्रिया आणि वेळापत्रक वेगळं असू शकतं. दोन्ही सूचना स्वतंत्र वाचा.

पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात परिसरातल्या विभागांसाठी विद्यापीठाची स्वतःची ऑनलाइन प्रवेश परीक्षा असते. तिचे अर्ज उन्हाळ्यात निघतात, तेव्हा सहाव्या सत्राची परीक्षा आणि ही परीक्षा एकमेकींच्या अंगावर येतात. राज्यशास्त्र व लोकप्रशासन असा एकत्र विभाग तिथं आहे. पुण्यातल्या संलग्न महाविद्यालयांत एमए करायचं तर प्रवेश त्या त्या महाविद्यालयाच्या नियमाने होतो.

जेएनयू आणि हैदराबाद विद्यापीठ ही केंद्रीय विद्यापीठं. तिथल्या एमएसाठी सीयूईटी पीजी ही एकच परीक्षा द्यायची, ती एनटीए, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. गेल्या काही वर्षांत तिचे अर्ज डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान भरून झाले आणि परीक्षा मार्चमध्ये झाली. अलीकडच्या स्वरूपात एका पेपरला ७५ बहुपर्यायी प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा. समजा ४५ बरोबर आली, २० चुकली आणि १० सोडली, तर १८० वजा २०, म्हणजे ३०० पैकी १६०. चार पर्यायांतला एक जरी खात्रीने बाद करता आला तरी उत्तर देण्यात फायदा आहे. पण मुलं नकारात्मक गुणांच्या धास्तीने पंधरा-वीस प्रश्न कोरे सोडतात.

इथं दोन चुका हमखास होतात. पहिली पेपर निवडण्याची. प्रत्येक विद्यापीठ कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर धरतं ते आधी आपल्या माहितीपत्रकात सांगतं. एका विद्यापीठात एखाद्या अभ्यासक्रमाला विषयाचा पेपर लागतो, तर दुसऱ्या ठिकाणी तशाच अभ्यासक्रमाला सर्वसाधारण पेपर. आधी अभ्यासक्रमांची यादी करा, समोर पेपरचा कोड लिहा आणि मगच एनटीएचा अर्ज उघडा. दुसरी चूक जास्त महागात पडते. सीयूईटीचा निकाल लागला की आता बोलावणं येईल म्हणून मुलं घरी वाट बघतात. बोलावणं येत नाही. एनटीए फक्त गुण देते. त्यानंतर जेएनयूच्या पोर्टलवर वेगळा अर्ज, हैदराबादच्या पोर्टलवर वेगळा, दिल्ली विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळा, आणि प्रत्येकाचं शुल्कही वेगळं. निकाल लागल्यावर रोज सकाळी ही संकेतस्थळं बघण्याची सवय लावा, कारण अर्जाची खिडकी थोडेच दिवस उघडी असते.

आता तुलना कशाची करायची? नावावर जाऊ नका, अभ्यासक्रमाची पीडीएफ काढा. राज्यातल्या विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांचं एमए ८८ श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) आहे, प्रत्येक सत्राला २२. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीला ४, दुसऱ्यात कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्पाला ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाला ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांक. सांगाडा सगळीकडे हाच आहे, त्यामुळे संभाजीनगर, नांदेड आणि पुणे यांतला फरक तिथं दिसणार नाही. तो दिसतो प्रत्येक सत्रातल्या ४ श्रेयांकांच्या ऐच्छिक विषयांत. कागदावर सहा ऐच्छिक विषय असतात आणि शिकवायला माणसं नसल्यामुळे प्रत्यक्षात एकच चालतो, असं खूप ठिकाणी आहे. म्हणून विभागात फोन करून किंवा जाऊन तीन गोष्टी विचारा: पूर्णवेळ कायम प्राध्यापक किती, गेल्या वर्षी कोणते ऐच्छिक विषय खरोखर शिकवले, आणि चौथ्या सत्रातला प्रकल्प कोण तपासतं. जेएनयूत तर राज्यशास्त्राच्याच वळणाची एमए एकाहून जास्त आहेत. सामाजिक शास्त्रांच्या स्कूलमधलं वेगळं, आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या स्कूलमधलं वेगळं. नुसतं 'पॉलिटिक्स' बघून टिकमार्क करू नका.

तुमच्यासाठी आमचा क्रम असा: डिसेंबर-जानेवारीत सीयूईटीचा अर्ज, उन्हाळ्यात पुण्याची परीक्षा, जूनमध्ये आपलं विद्यापीठ. नांदेड, परभणी, लातूरच्या मुलांनी हैदराबाद यादीत जरूर ठेवावं. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघालं, त्याआधी आपली कॉलेजं हैदराबादच्याच उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती, आणि प्रवासाच्या दृष्टीने आजही हैदराबाद दिल्लीपेक्षा कितीतरी सोयीचं आहे.

प्रश्न : मुलीला सामाजिक कामाची ओढ आहे. तुळजापूरला टिसचा (टाटा समाजविज्ञान संस्थेचा) परिसर आहे असं समजलं. तिथं घालावं, जवळच्या महाविद्यालयात एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करावं, की समाजशास्त्रात एमए? – एक पालक, गेवराई

उत्तर : आधी एमएसडब्ल्यू आणि समाजशास्त्राचं एमए यांत निवड करा, संस्था नंतर. दोन्ही ऐकायला सारखी वाटतात, पण वाटा वेगळ्या आहेत. एमएसडब्ल्यूत आठवड्यातले साधारण दोन दिवस प्रत्यक्ष क्षेत्रकार्य असतं: रुग्णालय, बालगृह, ग्रामपंचायत, एखादी संस्था. त्याचा अहवाल दर आठवड्याला लिहावा लागतो आणि त्याला गुण असतात. हजेरीत सूट मिळत नाही. सरकारी रुग्णालयांतली समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) यांसारखी पदं समाजकार्याच्या पदवीलाच मिळतात, तिथं समाजशास्त्र चालत नाही. उलट बाजूही बघा. नेट-सेट या प्राध्यापक होण्यासाठीच्या राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच्या पात्रता परीक्षा. ती ज्या विषयात एमए केलं त्याच विषयात देता येते. मुलीला उद्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचं असेल, तर एमएसडब्ल्यू करून ते होणार नाही.

टिसची मूळ संस्था मुंबईत, १९३६ सालची. तुळजापूरच्या परिसरात ग्रामीण विकास, उपजीविका आणि नैसर्गिक साधनसंपत्ती यांवर भर आहे. ज्या भागात दुष्काळ, स्थलांतर आणि ऊसतोडीचे प्रश्न दाराशी आहेत तिथंच शिकायला मिळणं, हे गेवराईच्या मुलीसाठी मोठं भांडवल आहे. पूर्वी टिसची स्वतःची प्रवेश परीक्षा असे, आता पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी पीजीतून होतात. म्हणजे वर सांगितलेलं डिसेंबरचं वेळापत्रक इथंही लागू. टिसच्या पोर्टलवर वेगळा अर्ज लागतो आणि कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर, पुढचा टप्पा काय, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात असतं. परिसर जवळ असला तरी प्रवेश देशभरातल्या मुलांबरोबर स्पर्धा करून मिळतो. तेव्हा जवळच्या महाविद्यालयाचा एमएसडब्ल्यूचा अर्जही भरून ठेवा.

एमएसडब्ल्यूसाठी महाविद्यालय निवडताना एक गोष्ट बघा. क्षेत्रकार्यासाठी ते कोणत्या संस्थांशी जोडलेलं आहे आणि मुलांबरोबर पर्यवेक्षक खरोखर जातो का, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारा. त्या सगळं सांगतात.

प्रश्न : माझ्याकडे राज्याचा जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर आहे. केंद्रीय विद्यापीठाला तेच चालतात का? माझ्या मैत्रिणीकडे एसईबीसीचा (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचा) दाखला आहे, तिने काय करावं?

उत्तर : चालत नाहीत, आणि हे बहुतेकांना कागदपत्र तपासणीच्या दिवशी कळतं. तेव्हा हातात दोन-चार दिवस उरलेले असतात.

केंद्रीय संस्थांत ओबीसींसाठी केंद्राच्या यादीत नाव लागतं आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो. आपल्याकडचे व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती) हे प्रवर्ग केंद्रात त्या नावाने नाहीत. बंजारा, धनगर, वंजारी हे समाज केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून आहेत, त्यामुळे त्या मुलांनी 'ओबीसी' हा रकाना निवडायचा. आपली जात केंद्राच्या यादीत कोणत्या नावाने आणि कोणत्या पोटनावाने आहे ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्राच्या यादीत बघा. दाखल्यावरचं नाव आणि यादीतलं नाव जुळलं पाहिजे.

आता तारीख. राज्याचं नॉन-क्रिमीलेयर तीन वर्षांचं असलं तरी केंद्रीय विद्यापीठं बहुधा त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला दाखला मागतात. मार्चमध्ये काढून ठेवला तर तो वाया जातो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सेतू केंद्रावर अर्ज टाका आणि अर्ज टाकतानाच 'केंद्र शासनासाठीचा नमुना' असं स्पष्ट सांगा. दाखला हातात आला की काउंटरवरच वरची ओळ वाचा. राज्याचा नमुना चुकून निघाला असेल तर तिथल्या तिथे परत द्या.

एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग आहे, केंद्रात तो नाही. मैत्रिणीकडे केंद्राच्या ओबीसी यादीत बसणारा दाखला नसेल, तर तिला केंद्राचं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) मागता येतं, पण अटी नीट वाचाव्यात. कुटुंबाचं मागच्या आर्थिक वर्षाचं सगळ्या मार्गांनी मिळालेलं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. आणि शेतजमीन ५ एकर किंवा त्याहून जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी ईडब्ल्यूएस मिळत नाही. कोरडवाहू सहा एकरांत घर चालत नाही हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको, पण नियम जिरायती-बागायती असा भेद करत नाही. ही अट अन्यायाची आहे असं आम्हाला वाटतं. तरीही अर्ज आजच्या नियमानेच भरावा लागणार. कुटुंबात अर्जदार, आईवडील, १८ वर्षांखालची भावंडं, आणि लग्न झालं असेल तर जोडीदार व १८ वर्षांखालची मुलं धरतात. आजोबांच्या नावचा सातबारा आणि वडिलांच्या नावचा सातबारा यांतला फरक इथं निर्णायक ठरतो.

एक बारकावा खूप जणांना माहीत नसतो. ओबीसीच्या क्रिमीलेयरची उत्पन्नाची चाचणी लावताना शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत. ईडब्ल्यूएसमध्ये दोन्ही धरतात. एकाच घराला एका चाचणीत 'हो' आणि दुसरीत 'नाही' असं उत्तर येऊ शकतं.

प्रश्न : एमए इतिहासाला ५४.७ टक्के मिळाले. मी ईडब्ल्यूएसमध्ये येतो. नेटला बसता येईल का?

उत्तर : नाही. नेटला खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के लागतात आणि नियमातच म्हटलंय की आकडा पूर्णांकात वर न्यायचा नाही. ५० टक्क्यांची सवलत एससी, एसटी, नॉन-क्रिमीलेयर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना आहे, ईडब्ल्यूएसला नाही. परीक्षा विभागात श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसण्याची सोय तुमच्या वर्षाच्या नियमांत आहे का, ते लेखी विचारा. दोन-तीन विषयांत पाच-सहा गुण वाढले की काम होतं.

त्याआधी एक खात्री करा. ५४.७ हा आकडा गुणपत्रिकेवर छापलेला आहे की तुम्ही सीजीपीएला (श्रेणीगुणांच्या सरासरीला) ९.५ने किंवा १०ने गुणून काढलाय? रूपांतराचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं आणि ते बहुधा गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असतं. शंका असेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचं प्रमाणपत्र घ्या, अर्जात तोच आकडा घाला.

प्रश्न : परभणीत बीएस्सी कृषी करतोय, शेवटचं वर्ष. अर्थशास्त्रात एमए करता येईल का?

उत्तर : येईल, पण दोन अडथळे आहेत. राज्यातल्या विद्यापीठांत काही विषयांत आधी त्याच विषयाच्या पदवीधरांना जागा देतात आणि उरलेल्या जागांवर इतर शाखांना घेतात. त्या वर्षीच्या नियमात 'इतर विद्याशाखा' हे शब्द शोधा. केंद्रीय विद्यापीठांत अनेक एमए कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली असतात. तिथं प्रश्न गणिताचा. सीयूईटीच्या अर्थशास्त्राच्या पेपरात सूक्ष्म आणि समग्र अर्थशास्त्राबरोबर कलन (कॅल्क्युलस), सारणी (मॅट्रिक्स) आणि संख्याशास्त्र येतं. कृषीत तुम्ही संख्याशास्त्र आणि कृषी अर्थशास्त्र शिकलात, ते कामाला येईल. विकलन, महत्तम-लघुत्तम आणि मॅट्रिक्स हे बारावीच्या गणिताच्या पुस्तकातूनच सोडवून काढा, त्यासाठी महागड्या क्लासची गरज नाही. पदवी चार वर्षांची असली तरी विषय बदलताना एक वर्षाच्या एमएची आशा धरू नका, दोन वर्षं धरून चाला.

प्रश्न : सगळं शिक्षण मराठीतून झालं. सीयूईटी मराठीत आहे ना? दिल्ली-हैदराबादला निभाव लागेल का? – लोहारा

उत्तर : इथं नावामुळे घोटाळा होतो. बारावीनंतरची सीयूईटी यूजी मराठीसह १३ भाषांत असते. पदवीनंतरची सीयूईटी पीजी भाषांचे पेपर सोडले तर इंग्रजी आणि हिंदीतच असते. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास यांत प्रश्न दोन्ही भाषांत छापलेले असतात. मराठी माध्यमाच्या मुलांनी हिंदी वाचावं आणि संज्ञा इंग्रजीत पडताळाव्यात, कारण हिंदीतल्या काही संज्ञा आपल्या पुस्तकांपेक्षा वेगळ्या आहेत. आपण 'सार्वभौमत्व' म्हणतो, तिथं 'संप्रभुता' असतं. आतापासून एक वही करा: मराठी संज्ञा, हिंदी, इंग्रजी, असे तीन रकाने. तीनशे शब्दांत राज्यशास्त्राचा पेपर उलगडतो.

शिकताना मात्र इंग्रजी लागतेच, वाचनही आणि लेखनही. पहिलं सत्र जड जातं. जेएनयूत अशा मुलांसाठी भाषा सक्षमीकरण कक्ष आहे, तिथं पहिल्या महिन्यातच नाव घाला. नापास होण्याचं कारण बहुधा समज कमी हे नसतं, सत्रनिबंध वेळेत न देणं हे असतं. निबंध मराठीत विचार करून कच्चा लिहा, मग इंग्रजीत उतरवा, आणि मुदतीच्या आठवडाभर आधी कुणाला तरी वाचायला द्या.

बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाचीही चौकशी बऱ्याच पत्रांत आहे. ते खासगी आहे, सीयूईटीच्या बाहेर आहे, स्वतःची परीक्षा आणि मुलाखत घेतं. कुटुंबाच्या उत्पन्नावर शिष्यवृत्ती देतं, म्हणून शुल्काचा आकडा बघून लगेच पान बंद करू नका.

प्रश्न : मी नोकरी करते. दूरशिक्षणातून समाजशास्त्राचं एमए केलं तर नेट देता येते का?

उत्तर : येते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची मान्यता असलेल्या संस्थेची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरतात. इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जानेवारी आणि जुलै सत्रांसाठी. समाजशास्त्राचं एमए कोणत्याही पदवीधराला खुलं आहे, पण माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मराठीतूनच हवं असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम बघा, त्याची विभागीय केंद्रं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत. आता मुक्त प्रवेशासाठी डीईबी आयडी काढावा लागतो, त्याला आधी एबीसी (श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन खात्याचा) आयडी लागतो. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि एबीसीवरचं नाव अक्षरशः एक असू द्या. लग्नानंतर आधारवर नाव बदललं असेल तर नेमकं इथंच अडतं.

तयारी करताना महाराष्ट्राची सेटही डोळ्यांसमोर ठेवा. सामाजिक शास्त्रांतल्या अनेक विषयांच्या सेटच्या प्रश्नपत्रिका मराठीतही असतात आणि नेट-सेट दोन्हींत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. सेट महाराष्ट्र आणि गोव्यात चालते.

प्रश्न : बीए २०२४मध्ये झालं, दोन वर्षं स्पर्धा परीक्षेत गेली. आता एमएला खंड आडवा येईल का?

उत्तर : प्रवेश अडत नाही. राज्यातल्या महाविद्यालयांत खंडाचं शपथपत्र मागतात. त्यात पदवीनंतर कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतला नव्हता असं लिहायचं असतं. मधल्या काळात बीएड किंवा दुसरीकडे नाव घातलं असेल तर ते लपवू नका, तिथली टीसी आणा. मूळ टीसी जुन्या कॉलेजात पडून असेल तर ती आत्ताच काढा, आणि तिच्या दोन साक्षांकित प्रती घरी ठेवून मगच मूळ प्रत नव्या कॉलेजात द्या.